राजीनामा लिहून देण्याआधी

सदर : कामगारांचा हिशेब



"वय झालं आता तुमचं. मशीन झेपत नाही. राजीनाम्याचा एक अर्ज लिहून द्या, बाकी हिशेब आम्ही करून देऊ." वीस-पंचवीस वर्षे ज्या फाटकातून माणूस कामावर गेला, त्याच फाटकाच्या आत ऑफिसात बसवून त्याला हे ऐकवले जाते. बोलणारा गोड बोलतो. चहा मागवतो. कागद बहुधा टाइप करून तयारच असतो आणि तो इंग्रजीत असतो. सही करून माणूस घरी येतो व सांगतो, "साहेबांनी दीड लाख देऊ केले." मुलीचे लग्न, घराचे छप्पर, सावकाराचे देणे, सगळे डोळ्यांपुढे असते. त्यामुळे दीड लाख म्हटले की घरात सगळे गप्प होतात. हे दीड लाख कशाचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आज आपण तोच प्रश्न घेणार आहोत.

आपल्या वऱ्हाडाला गिरणी बंद होणे नवीन नाही. येथे कापूस पिकतो म्हणून गिरण्या आल्या, आणि गिरण्या आल्या म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे टाकून अकोला, बडनेरा, अचलपूर गाठले. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल, मोहता मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल या १९७४ च्या कायद्याने सरकारजमा झाल्या व राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. सरकार मालक झाले, आता चिंता नाही, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. पुढे अकोल्याचे भोंगे बंद झाले. तिकडे नागपूरची एम्प्रेस मिल, जी १८७७ साली सुरू झाली होती, ती २००२ साली बंद पडली. मुंबईच्या फिनले मिलचे नाव घेऊन अचलपूरला महामंडळाची नवी गिरणी आली. ती मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर थांबली आणि नंतर वर्षानुवर्षे थांबलेलीच राहिली. कामगार नावाला नोकरीत, हातात मात्र अर्धा पगार. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? दुसरीकडे नोकरी कोण देतो?

मोठ्या गिरणीचे निदान वर्तमानपत्रात येते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते. पण अकोल्यातील दाल मिल, तेलघाणे, जिनिंग-प्रेसिंग, अमरावतीच्या एमआयडीसीतील लहान कारखाने येथे दहा-वीस माणसांतला एक म्हातारा कामगार कमी केला तर त्याची बातमी होत नाही. माझ्या मते आज खरे नुकसान तेथेच जास्त होते. कायदा त्यालाही लागू आहे, पण हे त्याला सांगणारे कोणी नसते.

तर मुद्दा असा. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि कामगार कपात ही नोकरी संपण्याची तीन वेगवेगळी नावे आहेत. माणूस घरी बसतो ते तिन्हींत सारखेच, पण पैसे सारखे नाहीत.

कपात म्हणजे मालकाने आपल्या कारणासाठी कामगार कमी करणे. काम नाही, नवे यंत्र आले, खाते बंद केले, अशी कारणे. यात कामगाराचा दोष नसतो. म्हणून कायदा सांगतो की ज्याची सलग एक वर्ष सेवा झाली आहे त्याला एक महिन्याची लेखी नोटीस द्या किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्या, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्या. शेवटचे वर्ष अपुरे असेल, पण सहा महिन्यांच्या वर गेले असेल, तर तेही पूर्ण वर्ष धरायचे. कारखानाच बंद केला तरी हीच भरपाई मिळते. "आम्ही तोट्यात आहोत" एवढ्या कारणाने मालकाची त्यातून सुटका होत नाही.

हा नियम कोठून आला तेही सांगण्यासारखे आहे. १९५३ साली देशातील कापड गिरण्यांत माल साचून राहिला होता, पाळ्या बंद पडण्याची वेळ आली होती. लाखो माणसे एकदम रस्त्यावर येतील म्हणून सरकारने त्या वर्षी ऑक्टोबरात वटहुकूम काढला आणि पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही कलमे घातली. म्हणजे हा हक्क मुळात गिरणी कामगाराच्या संकटातून जन्मला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन त्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. "नवा कायदा आला, आता काही मिळत नाही" असे सांगणारे भेटतील. ते खरे नाही. पंधरा दिवसांची भरपाई संहितेतही आहे. उलट एक भर पडली आहे. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचा शेवटचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि ती रक्कम कपातीपासून पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची, अशी तरतूद आहे.

वाईट काय झाले तेही लपवू नये. पूर्वी शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपात किंवा बंद करण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी लागे. आता ही मर्यादा तीनशेवर नेली आहे. वऱ्हाडात तीनशे माणसांचे कारखाने असे किती? म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक कामगारांना परवानगीची ढाल नाही. नोटीस आणि भरपाई एवढेच हातात उरते, म्हणून ते तरी पुरते घ्यायला हवे.

आता ग्रॅच्युइटी. हिचा आणि भरपाईचा घोटाळा मुद्दाम केला जातो. ग्रॅच्युइटी ही दीर्घ सेवेबद्दलची रक्कम आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग सेवा झाली की ती मिळते, मग माणूस निवृत्त होवो, राजीनामा देवो की कपातीत जावो. सेवेत असताना मृत्यू झाला तर पाच वर्षांची अटही नाही. १९७२ च्या कायद्याने हा हक्क दिला, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. हिशेब सोपा आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून जो शेवटचा महिन्याचा पगार, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा आणि सेवेच्या वर्षांनी गुणा. कमाल मर्यादा २० लाखांची आहे, ती आपल्या बहुतेकांच्या वाटेत येत नाही. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट झाली आहे. मालक मूळ पगार थोडा ठेवून बाकी सगळे भत्ते दाखवत असेल, तर एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असलेले भत्ते पगारातच धरायचे आहेत.

एक उदाहरण करून पाहू. समजा एका कामगाराचा शेवटचा पगार १३,००० रुपये आहे आणि सेवा २८ वर्षे ७ महिने. सात महिने सहाच्या वर आहेत, म्हणून सेवा २९ वर्षे धरायची. १३,००० भागिले २६ म्हणजे दिवसाला ५०० रुपये. पंधरा दिवसांचे ७,५००. गुणिले २९ केले की ग्रॅच्युइटी झाली २,१७,५०० रुपये. कपातीच्या भरपाईत पंधरा दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार धरतात, २६ चा भागाकार तेथे नाही. ६,५०० गुणिले २९ म्हणजे १,८८,५००. नोटीस दिली नसेल तर महिन्याचे १३,००० वेगळे. बेरीज ४,१९,००० रुपये. शिवाय शिल्लक रजेचा पगार, थकीत बोनस आणि पुनर्कौशल्य निधीची रक्कम वेगळी. भविष्य निर्वाह निधी तर त्याचा स्वतःचाच आहे, तो या हिशेबात घालायचाच नाही. कित्येक ठिकाणी प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम मिळवून आकडा फुगवून दाखवतात.

याच माणसाने राजीनामा लिहून दिला तर? ग्रॅच्युइटी मिळेल. भरपाईचे १,८८,५०० आणि नोटिशीचे १३,००० गेले. चहा पाजून घेतलेल्या एका सहीची ही किंमत आहे. "तब्येतीच्या कारणाने काम सोडत आहे" असे लिहून घेण्याचीही पद्धत आहे. सततच्या आजारपणामुळे संपलेली नोकरी कायद्याच्या व्याख्येत कपात धरली जात नाही. म्हणून दम्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असला, तरी काम सोडण्याचे खरे कारण ते नसेल तर तसे लिहून देऊ नका.

तिसरा कागद स्वेच्छानिवृत्तीचा. वस्त्रोद्योग महामंडळाच्या हजारो कामगारांना याच वाटेने घरी पाठवले गेले. यात पैसे पुष्कळ वाटतात आणि तरुण कामगाराला ते खरोखर जास्त मिळू शकतात. केंद्र सरकारने २००० साली आपल्या उपक्रमांसाठी ठरवलेल्या योजनेत 'गुजरात पद्धत' म्हणून एक हिशेब आहे. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि निवृत्तीला उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. ऐकायला हे पंधरा दिवसांच्या दुपटीहून जास्त आहे. पण खाली एक अट आहे. नोकरीत राहून निवृत्तीपर्यंत जेवढा पगार मिळाला असता, त्याहून ही रक्कम जास्त होणार नाही. वर म्हटलेल्या कामगाराच्या निवृत्तीला एकच वर्ष उरले असेल, तर बारा महिन्यांचे १,५६,००० रुपये ही त्याची कमाल मर्यादा. कपातीची भरपाई मात्र १,८८,५००, कारण तिला वयाची अट नाही, ती फक्त झालेली वर्षे मोजते. निवृत्तीला सहा-सात वर्षे उरलेल्याचे गणित वेगळे निघेल. खाजगी मालकाची योजना तर तो लिहील तशी. तेव्हा शेजारच्याने फॉर्म भरला म्हणून आपणही भरायचा, असे करू नये. आपले वय आणि आपली वर्षे घालून दोन्ही आकडे काढावेत. एकदा स्वेच्छानिवृत्ती घेऊन पैसे उचलले की नंतर "ही कपात होती" असे म्हणता येत नाही.

भरपाई शेवटच्या पगारावर ठरते, हे वाचताना जुनी एक गोष्ट आठवते. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त असे. पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. त्याची जागा कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. धोटा गेला, पण कमी पगाराची खाती आजही आहेत, आणि झाडू-हमालीपासून ठेकेदाराच्या माणसापर्यंत तेथे कोण असते हे वाचकांना सांगायला नको. पगार कमी असला की शेवटचा हिशेबही कमी. त्याची थोडी तरी भरपाई वर्षांनी होते. म्हणून एकही वर्ष सोडायचे नाही.

वर्षे सोडली जातात ती अशी. पहिली पाच-सहा वर्षे बदली कामगार म्हणून गेली, ती मालक मोजत नाही. पण बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर ते वर्ष सलग सेवेचे धरले जाते, मग कार्डावर बदली लिहिलेले असो की कायम. पगारी रजेचे दिवसही त्यात येतात. कारखाना मालकाच्या कारणाने बंद राहिला, ले-ऑफ झाला, टाळेबंदी झाली, तर तेवढ्याने ग्रॅच्युइटीची सेवा तुटत नाही. अचलपूरसारख्या ठिकाणी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जिनिंगमधल्या बायका-पुरुषांचा नियम निराळा. हंगामी कारखान्यात ग्रॅच्युइटी प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या पगाराने मिळते. रक्कम लहान, पण वीस हंगामांचे १४० दिवस होतात. कापसाच्या धुळीत उभ्या जन्माच्या खोकल्यापुढे ते काहीच नाही म्हणा, पण तेही कोणी मागत नाही.

भगिनींनो, आता तुमच्याशी बोलायचे आहे. कोर्टात २४० दिवस काम केल्याचे आधी कामगारालाच दाखवावे लागते. मालकाचे हजेरीपुस्तक ऐन वेळी सापडत नाही. तेव्हा घरातल्या पेटीत काय आहे यावर खटला उभा राहतो. जुने हजेरी कार्ड, तिकीट नंबर, पगाराच्या चिठ्ठ्या, बोनसची पावती, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक, कारखान्याने दिलेले गेटपास, हे सगळे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलला आणि माणूस त्याच जागी तेच काम करीत राहिला, तर फंडाच्या नोंदीवरून ते दिसते. मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर त्यांच्याकडून मोबाइलवर फंडाच्या नोंदी काढून घ्या आणि नाव, जन्मतारीख, नोकरी लागल्याची तारीख बरोबर आहे का तेही पाहा. ग्रॅच्युइटीच्या वारसनोंदीत तुमचे नाव आहे की वीस वर्षांपूर्वी वारलेल्या सासूबाईंचे, हेही एकदा विचारून घ्या.

आणि सही. इंग्रजी कागदावर ऑफिसात बसून सही करायची नाही. "घरी वाचून उद्या देतो" म्हणायचे. हे म्हणायला धीर लागतो, कारण समोर वर्षानुवर्षांचे साहेब असतात. पण एका दिवसाने त्यांचेही काही बिघडत नाही. पैसे घेणे भागच असेल तर पावतीवर आपल्या हाताने मराठीत लिहावे : "रक्कम हक्क राखून स्वीकारली, हिशेब मान्य नाही." प्रत्येक रकमेचे नाव वेगळे लिहून मागावे. ग्रॅच्युइटी किती, भरपाई किती, नोटीस पगार किती, रजा किती. "सर्व मिळून" असा एकच आकडा असेल तर काहीतरी कमी आहे असे समजावे.

म्हाताऱ्यांना काढून नवी पोरे घेतली जात असतील तर आणखी एक कलम आहे. त्याच प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जातो, हा नियम आहे. मालकाला तो मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवावे लागते. कपातीनंतर वर्षभरात त्याला पुन्हा माणसे घ्यायची झाली तर कपात झालेल्यांना आधी विचारले पाहिजे.

दाद कोठे मागायची? अमरावतीला आणि अकोल्याला कामगार आयुक्तांची कार्यालये आहेत. कपातीची तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी. मुदत आता दोन वर्षांची आहे, पूर्वीइतकी सवड नाही. "साहेब देतो म्हणाले" यात दीड वर्ष घालवू नये. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे, अर्ज केला नसला तरी. उशीर झाला तर व्याज लागते. महामंडळासारखी केंद्राची किंवा अनेक राज्यांत शाखा असलेली आस्थापना असेल तर ग्रॅच्युइटीचा अर्ज केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे करावा लागतो व त्यासाठी आपल्याला नागपूर गाठावे लागते. जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घालून चपला झिजल्यावर हे कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. कंपनी दिवाळखोरीत निघाली तरी आशा सोडू नये. २०१६ च्या कायद्याप्रमाणे आधीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे देणे तारण ठेवून घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने येते. फक्त दावा मुदतीत दाखल झाला पाहिजे.

वकिलाची फी कोठून आणायची, ही खरी अडचण असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगाराला, स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न पाहता. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण कामगार म्हणून अर्ज केला तर जातीच्या दाखल्याचीही गरज पडत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते.

जाता जाता पेन्शनविषयी. पन्नाशीनंतर नोकरी गेली की पुष्कळजण लगेच फंडाची पेन्शन सुरू करतात. दहा वर्षे सेवा झाली असेल तर पन्नासपासून ती मिळते हे खरे, पण ५८ वर्षांना जेवढी वर्षे कमी तेवढ्या दर वर्षाला ४ टक्के कापले जातात आणि ही कपात जन्मभर राहते. ५४ व्या वर्षी सुरू केली तर १६ टक्के गेले. घरात दुसरा कमावता असेल, भरपाईची रक्कम हाती आली असेल, तर त्यावर चार वर्षे काढता येतात का ते नवरा-बायकोने मिळून बसून पाहावे आणि मगच फॉर्म भरावा.